४,०९६ बाइटांची पिकअप

शेव्हरोलेची १९८८ सालची सी/के पिकअप आता पस्तिशी ओलांडून गेली, तरी अमेरिकेच्या ग्रामीण भागात ती अजून निवृत्त झालेली नाही. मागच्या हौद्यात गवताचे गठ्ठे नाहीतर कुंपणाचे खांब, आणि बॉनेटखाली ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. कारखान्याच्या कागदावर त्याची ताकद २१० अश्वशक्ती. हल्ली दोन लिटरचं टर्बो इंजिन यापेक्षा जास्त देतं. त्यामुळे हा आकडा ऐकला की वाटतं, एवढ्या धिप्पाड इंजिनाला कुणीतरी मुद्दाम बांधून ठेवलंय, गाठ सोडली की झालं. ही गाठ संगणकात आहे अशी समजूत नव्वदच्या दशकात पसरली आणि तिच्या जोरावर बरीच दुकानं चालली.

संगणक आहे हे खरं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे हात घातला की एक चपटी धातूची पेटी लागते. जनरल मोटर्सचा तिचा क्रमांक १२२७७४७. हौशी मंडळींच्या तोंडी ती नुसती ‘सेव्हन सेव्हन फोर सेव्हन’. पेटीच्या आत खोबणीत बसवलेली २४ पायांची एक चिप असते, २७३२ जातीची. तिची क्षमता ४,०९६ बाइट. इंजिन कसं चालवायचं याचे हुकूम आणि त्यासाठी लागणारे सगळे तक्ते एवढ्या जागेत बसवलेले. संगणकावर टाइप करताना देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या प्रकरणाचं एक पान त्या चिपमध्ये जेमतेम मावेल.

ही चिप काढून वाचता येते, बदलता येते आणि परत बसवता येते. त्यावर कुलूप नाही, सांकेतिक लिपी नाही. गेली तीसेक वर्षं अमेरिकेतले शेतकरी, वेल्डर, शाळामास्तर, निवृत्त इलेक्ट्रिशियन असे लोक घरच्या गॅरेजात बसून हे करत आले आहेत. त्यांच्या उद्योगातून एक गोष्ट स्पष्ट होते आणि ती दुकानदारांच्या जाहिरातीच्या नेमकी उलट आहे. हात न लावलेल्या इंजिनासाठी कारखान्याचे तक्ते बरेचसे बरोबरच असतात. तिथे चिप बदलून फारसं काही हाती लागत नाही. मात्र इंजिनात कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट, सिलिंडर हेड यांपैकी काही बदललं की तेच तक्ते खोटे पडतात, आणि मग ते नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं.

मुळात मोटारीत संगणक शिरला तो धुरामुळे. १९७० साली अमेरिकेने स्वच्छ हवेचा कायदा कडक केला, १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांच्या सायलेन्सरआधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिसू लागला. पुढे आलेल्या ‘थ्री-वे’ कन्व्हर्टरची एक अट होती: पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, आणि हे प्रमाण सतत त्याच्या आसपास राहिलं पाहिजे. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड उरतो, जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात. जेट, स्प्रिंग आणि फ्लोट यांच्यावर चालणाऱ्या कार्बोरेटरच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. म्हणून १९८१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकेतल्या पेट्रोल मोटारींना ‘कॉम्प्युटर कमांड कंट्रोल’ बसवलं. ट्रकांचे नियम थोडे सैल होते, त्यांच्या व्ही-८ इंजिनांपर्यंत हे वारं १९८७ च्या मॉडेलात पोचलं.

ते आलं तेही बेताचंच. थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, लघुरूप टीबीआय. वरचा गोल एअर क्लीनर काढून पाहिलं तर खाली कार्बोरेटरच आहे असं वाटावं. त्याच जागी बसतं, तेवढंच मोठं. फक्त दोन थ्रॉटल झडपांच्या डोक्यावर दोन इंजेक्टर लटकलेले, आणि ते आलटून पालटून पेट्रोलचा शंकूसारखा फवारा सोडतात. पेट्रोलचा दाब जेमतेम ९ ते १३ पीएसआय. आपल्याकडे मारुतीच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरं झळकू लागली तेव्हा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर हे तिचं कौतुक होतं. टीबीआय ही त्याच्या आधीची, कार्बोरेटर आणि एमपीएफआय यांच्यामधली पायरी.

आता पेटीच्या डोक्यात काय चालतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ७७४७ ला हवा मोजता येत नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब किती आणि इंजिनाचे फेरे किती एवढंच ती पाहते आणि हवेचं वजन त्यावरून काढते. सिलिंडरचं आकारमान ठाऊक आहे, दाब ठाऊक आहे, तापमानाचा अंदाज आहे. शाळेत शिकलेलं वायूंचं समीकरण घातलं की वजन निघतं. ५.७ लिटर भागिले ८ म्हणजे एक सिलिंडर सुमारे ०.७१ लिटरचा. साध्या हवेने तो काठोकाठ भरला तर ०.८५ ग्रॅमच्या आसपास हवा मावेल. गाडी सपाट रस्त्यावर निवांत चालली असताना मॅनिफोल्डमधला दाब ५० किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या निम्मा असतो. तेव्हा हवाही निम्मी, ०.४३ ग्रॅम.

पण सिलिंडर काठोकाठ भरत नाही. व्हॉल्व्ह उघडतो, हवा वळणं घेत आत येते, तोवर पिस्टन परत फिरतो. प्रत्यक्षात किती टक्के भरला हे फेऱ्यांवर, कॅमवर, हेडच्या आकारावर आणि एक्झॉस्टच्या मोकळेपणावर अवलंबून. हे कुठल्याही समीकरणातून सुटसुटीत निघत नाही. म्हणून कारखान्याचे इंजिनीअर इंजिन डायनामोमीटरवर चढवून मोजतात आणि चिपमध्ये तक्ता लिहून ठेवतात: एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला दाब, मधल्या चौकटींत टक्के. याला व्हीई तक्ता म्हणतात. जुन्या पेढीवरच्या व्याजाच्या जंत्रीसारखा त्याचा वापर: मुद्दल आणि महिने पाहायचे, बोट फिरवायचं, आकडा उचलायचा. आपल्या ५० किलोपास्कलच्या चौकटीत ७० टक्के लिहिलेलं असेल तर हवा ०.३० ग्रॅम, तिला १४.७ ने भागलं की पेट्रोल साधारण २० मिलिग्रॅम. २,००० फेऱ्यांवर हा हिशेब सेकंदाला १३३ वेळा.

याच पद्धतीचा एक फायदा म्हणजे ट्रक डोंगरावर चढला तरी पेटी गोंधळत नाही. समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डचा दाब शंभरीच्या जवळ असतो, १,६०० मीटरवरच्या डेन्व्हर शहरात तो त्र्याऐंशीच्या आसपास. दाबच मोजत असल्यामुळे पेट्रोल आपसूक कमी होतं. आता तोटा बघा. नवी कॅम टाकली, सिलिंडर पूर्वीपेक्षा जास्त भरू लागला, तरी दाबमापकाला ते दिसत नाही. पेटी जुन्याच टक्क्यांवर विसंबून राहते.

इथे ऑक्सिजन सेन्सर मदतीला येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये खुपसलेला, आगपेटीपेक्षा थोडा मोठा, एका तारेचा. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन उरला असेल तर तो शून्याच्या जवळ व्होल्टेज देतो, नसेल तर एक व्होल्टच्या जवळ. ४५० मिलिव्होल्टच्या आसपास बरोबर १४.७. किती कमी-जास्त हे त्याला सांगता येत नाही. पेट्रोल कमी की जास्त एवढंच. पेटी त्याचं ऐकून पेट्रोल किंचित वाढवते, किंचित कमी करते, आणि हे करताना एक आकडा लक्षात ठेवते. त्याचं नाव ब्लॉक लर्न. आकडा १२८ असेल तर तक्ता बरोबर आहे. १२८ च्या वर गेला म्हणजे पेटीला जास्तीचं पेट्रोल घालावं लागतंय, तक्त्यात कमी लिहिलं आहे. खाली गेला तर उलट. फेरे आणि दाब यांच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी हे आकडे वेगवेगळे जपले जातात.

म्हणजे तक्त्यात चूक कुठे आहे आणि किती आहे हे ट्रक स्वतःच सांगतो. घरगुती ट्यूनिंगचा पाया हाच. कारखान्याने ही सोय दुरुस्तीसाठी ठेवली होती. हौशी माणसांनी तिच्यावरून तक्ता सुधारण्याची युक्ती बसवली.

पण सांगतो कसा? ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली १२ घरांचं एक सॉकेट आहे, एएलडीएल नावाचं. ते मुळात कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवर तपासणीसाठी. त्याची ए आणि बी ही दोन घरं कागदाच्या क्लिपने जोडायची आणि इंजिन न सुरू करता किल्ली फिरवायची. ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकायला लागतो. एकदा, मग थोडा थांबून दोनदा: कोड १२. याचा अर्थ डिस्ट्रिब्युटरकडून ठोके येत नाहीत, म्हणजे इंजिन बंद आहे, पेटी जागी आहे. तीनदा १२ दाखवून झाला की मनात साठवलेल्या तक्रारी, प्रत्येक तीनदा. ४४ म्हणजे एक्झॉस्टमध्ये पेट्रोल कमी दिसतं, ४५ म्हणजे जास्त, ३३ आणि ३४ दाबमापकाचे, ४३ नॉक सेन्सरचा, ५१ चिपचा. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही, एक क्लिप. गावातल्या कुठल्याही फिटरला हे पाच मिनिटांत शिकता येतं, आणि मला वाटतं नंतरच्या कुठल्याही गाडीत मालकाला इतकं स्वस्त निदान मिळालेलं नाही.

त्याच सॉकेटमधून पेटी आकड्यांची ओळही सतत बाहेर सोडत असते. वेग सेकंदाला १६० बिट. फेरे, दाब, पाण्याचं तापमान, थ्रॉटल, ब्लॉक लर्न असा एक पूर्ण संच यायला जवळपास दीड सेकंद लागतो. एका साध्या केबलने तो लॅपटॉपवर घेता येतो. ट्यूनरप्रो नावाचा प्रोग्रॅम त्यासाठी सर्रास वापरतात. दीड सेकंदात गाडी कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून नोंद घेताना चालवायची पद्धत वेगळी: मोकळा रस्ता, एक वेग, पाय स्थिर, त्याच चौकटीत बराच वेळ थांबायचं, मग पुढची चौकट. चढ मिळाला तर उत्तम, कारण चढावर फेरे न वाढवता दाब वाढवता येतो. हे ड्रायव्हिंग कंटाळवाणं असतं आणि ते एकट्याने करू नये. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने पडद्याकडे बघावं.

हिशेब पाचवीच्या मुलाला यावा असा. आपल्या ७० टक्क्यांच्या चौकटीत ब्लॉक लर्न १३८ दिसला. ७० गुणिले १३८ भागिले १२८, म्हणजे ७५.५. जुन्या आकड्याच्या जागी हा लिहायचा. अशा सगळ्या चौकटी भरायच्या, ज्या चौकटींत गाडी कधी गेलीच नाही त्या शेजारच्यांकडे बघून अंदाजाने जुळवायच्या, चिप लिहायची, पुन्हा तोच रस्ता. दोन-तीन फेऱ्यांत आकडे १२८ च्या आसपास यायला लागतात.

हे वाचायला सोपं वाटतं, आणि इथेच बहुतेकांचा घात होतो. सेन्सर खोटं बोलत असेल तर तक्ता खोट्याप्रमाणे लिहिला जातो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या गॅस्केटला बारीक चीर असली तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘पेट्रोल कमी’ म्हणून ओरडतो, पेटी पेट्रोल वाढवते, आणि इंजिन मात्र काळा धूर ओकत असतं. एखादा प्लग पेटत नसला तरी हेच: न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. व्हॅक्युमची फुटकी नळी, थकलेला पंप, पाण्याचं तापमान चुकीचं सांगणारा सेन्सर, यातलं प्रत्येक दुखणं ब्लॉक लर्नमध्ये तक्त्याच्या चुकीसारखं दिसतं. त्यात या ट्रकांना ऑक्सिजन सेन्सर एकच, एकाच बाजूच्या मॅनिफोल्डमध्ये. पलीकडचे चार सिलिंडर काय करतात हे त्याला कळत नाही. म्हणून जाणती माणसं लॅपटॉप उघडण्याआधी पेट्रोलचा दाब गेजने बघतात, प्लग काढून त्यांचा रंग बघतात, एक्झॉस्ट थंड असताना सुरू करून फटींपाशी हात फिरवतात. या तपासणीतच अर्ध्याहून जास्त ट्रकांची मूळ तक्रार मिटत असावी असा माझा अंदाज आहे. चिप बदलण्याची गरजच उरत नाही.

हेडर्स, म्हणजे लांब नळ्यांचा मोकळा एक्झॉस्ट बसवणाऱ्यांची आणखी एक गोची होते. सेन्सर इंजिनापासून लांब जातो. एका तारेच्या सेन्सरला स्वतःचा हीटर नसतो, तो एक्झॉस्टच्या उष्णतेवर जगतो. सिग्नलला उभं राहिलं की तो थंड पडतो, पेटी त्याचं ऐकणं बंद करते आणि इंजिन पुन्हा निव्वळ तक्त्यावर चालू लागतं. उपाय तीन तारांचा, हीटर असलेला सेन्सर. आणि पूर्ण थ्रॉटलवर तर पेटी सेन्सरचं मुळीच ऐकत नाही, कारण तिथे १४.७ नकोच असतं, १२.५ ते १३ हवं असतं. तो भाग मोजायला वेगळा वाइडबँड सेन्सर लागतो, बॉशच्या एलएसयू जातीचा, जो नुसतं कमी-जास्त न सांगता नेमकं प्रमाण सांगतो. ज्याला कॅम बदलायची आहे त्याने चिपच्या सामानाआधी हा घ्यावा.

आता चिप. २७३२ च्या पाठीवर क्वार्ट्झची एक छोटी गोल खिडकी असते, आणि तिच्यातून आतला सिलिकॉनचा चौकोन दिसतो. ही जात इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमान यांनी १९७१ मध्ये शोधली. प्रत्येक बिट म्हणजे विजेपासून सर्व बाजूंनी तोडलेल्या एका बेटावर अडकवलेला विद्युतभार, २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटं खिडकीतून पडला की भार निसटतो आणि चिप कोरी होते. एरवी खिडकीवर स्टिकर चिकटवलेला. प्रत्येक दुरुस्तीला चिप काढा, दिव्याखाली ठेवा, प्रोग्रॅमरमध्ये लिहा, परत बसवा. नंतर लोकांनी एक पळवाट काढली: विजेनेच पुसता येणारी २७एसएफ५१२ ही चिप, २८ पायांची, मध्ये अ‍ॅडॅप्टर घालून. ती ६४ किलोबाइटची, म्हणजे सोळापट मोठी. पेटी बघते फक्त शेवटच्या चार किलोबाइटांकडे. नवशिका माणूस फाइल सुरुवातीला लिहितो, किल्ली फिरवतो, आणि इंजिन दम लागल्यासारखं कसंबसं चालतं, कोड ५१. चिप वाचता आली नाही तर पेटीतलाच कॅलपॅक नावाचा छोटा तुकडा ओबडधोबड हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो, गाडी घरी पोचावी एवढ्यापुरता. त्याहून चैनीचा मार्ग म्हणजे एम्युलेटर. चिपच्या खोबणीत एक वायर जाते, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि इंजिन चालू असतानाच चौकटीतला आकडा बदलता येतो.

फाइल उघडली की दिसतात नुसते सोळाच्या पायावरचे आकडे, ४,०९६. कुठला आकडा काय आहे हे कारखान्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नव्वदच्या दशकात काही चिवट लोकांनी यंत्रभाषेतला प्रोग्रॅम ओळीओळीने उलगडला आणि शेजारी टिपणं लिहिली. त्यांचे नकाशे आज ट्यूनरप्रोच्या व्याख्या-फाइलींत आहेत. उदाहरणार्थ, ठिणगीच्या तक्त्यातलं एक एकक म्हणजे ९० भागिले २५६, सुमारे ०.३५ अंश. एखाद्या चौकटीत ३९ दिसलं, तर सोळाच्या पायावरचं ३९ म्हणजे आपलं ५७, म्हणजे २० अंश: पिस्टन वर पोचण्याआधी क्रँक २० अंश मागे असताना ठिणगी पडते. सुरू होताना पेटी सगळ्या बाइटांची बेरीज करून आत लिहिलेल्या बेरजेशी ताडते. ही तपासणी बंद करायची वाटही इंजिनीअरांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवली होती: ठरलेल्या जागी एए लिहायचं.

पेट्रोलच्या तक्त्यात चूक केली तर सहसा धूर होतो किंवा गाडी उचलत नाही. ठिणगीत केली तर पिस्टन फुटतो. टायमिंग वाढवलं, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडली, की काही मर्यादेपर्यंत खेच वाढते, मग मिश्रण आपल्या आपण भडकायला लागतं आणि इंजिन खडखडतं. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ही खडखड ऐकून टायमिंग मागे ओढतो. मौज म्हणजे सेन्सर जिवंत आहे की नाही हे बघायला ७७४७ स्वतःच, इंजिन गरम झाल्यावर, टायमिंग पुढे सारून मुद्दाम थोडी खडखड करवून ऐकते. ऐकू आली नाही तर कोड ४३. हे माहीत नसलेले मालक त्या एका खडखडीमागे आठवडे घालवतात. टायमिंगला हात लावण्याआधी मूळ टायमिंग शून्यावर आहे का हे बघणं सक्तीचं. तपकिरी तारेवर काळी रेघ असलेली एक तार सोडायची म्हणजे पेटी बाजूला होते, मग टायमिंग लाइट मारून डिस्ट्रिब्युटर फिरवायचा. ही तार न सोडता फिरवला असेल तर तक्त्यातला प्रत्येक अंश तेवढ्याने चुकीचा.

बाजारातल्या तयार चिपा काय करत होत्या तेही यावरून कळतं. टायमिंग काही अंशांनी पुढे, पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल थोडं जास्त, आणि सोबत थंड थर्मोस्टॅट: मूळ १९५ अंश फॅरनहाइटचा, त्याऐवजी १६० चा, म्हणजे ९० ऐवजी ७१ सेल्सियस. शिवाय महागडं पेट्रोल भरा अशी सूचना. हा ट्रक ८७ च्या पेट्रोलसाठी बनलेला. अमेरिकेत ऑक्टेन वेगळ्या रीतीने मोजतात, त्यांचं ८७ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीतल्या ९१ च्या जवळपास. महाग पेट्रोल खडखडीला उशिरा बळी पडतं, म्हणून टायमिंगला जागा मिळते. पण या ३५० ची हेडं ‘स्वर्ल पोर्ट’ जातीची. हवा आत भोवऱ्यासारखी फिरते, मिश्रण झपाट्याने जळतं, खालच्या फेऱ्यांवर ओढ छान मिळते. त्या बदल्यात ४,००० फेऱ्यांपुढे इंजिनाचा श्वास अडकतो. झपाट्याने जळणाऱ्या मिश्रणाला जास्त टायमिंग नकोच असतं. त्यामुळे चिपने मिळतं ते थोडं. १९९६ मध्ये कारखान्याने त्याच ५.७ लिटरला नवी व्होर्टेक हेडं आणि नवी इंजेक्शन पद्धत दिली आणि आकडा अडीचशेच्या आसपास गेला. त्या वाढीतला मोठा वाटा हवेच्या वाटेतून आला.

कायद्याचं म्हणाल तर ‘माझा ट्रक, माझी चिप’ एवढं सोपं नाही. स्वच्छ हवेच्या कायद्यात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करणं सामान्य मालकासाठीही बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात बदललेल्या सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा परवाना क्रमांक लागतो. नीट ट्यून केलेला टीबीआय ट्रक, कन्व्हर्टर जागेवर असेल तर, धुराच्या तपासणीत मूळ ट्रकाहून स्वच्छही निघू शकतो. ब्लॉक लर्न १२८ वर आणणं म्हणजे पेटीला १४.७ च्या जवळ नेणंच. या नादाला बदनाम केलं ते डिझेलवाल्यांनी. मोठ्या डिझेल पिकअपचे फिल्टर उपटून, संगणकाला ते नसल्याचं कळू नये अशी फाइल घालून, काळ्या धुराचे लोट सोडणारे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपांची प्रदूषणयंत्रणा अशी काढली गेली होती. आपल्याकडे थार आणि स्कॉर्पिओच्या ‘रीमॅप’ची दुकानं निघाली आहेत, त्यांच्या जाहिराती वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा: तक्ता जुळवणं वेगळं, फिल्टर लपवणं वेगळं.

फोर्डच्या मालकांची वाट थोडी निराळी. त्यांच्या ईईसी-४ पेटीच्या पाठीला जे-३ नावाची सर्किट-पट्टी उघडी असते, तिच्यावर कारखान्याने फासलेलं ग्रीस खरवडून चकचकीत करायचं आणि त्यावर वेगळी चिप चढवायची. एक ठिपका ग्रीस राहिलं की ट्रक सुरूच होत नाही. ज्यांना कारखान्याची पेटीच नको असते ते मेगास्क्वर्ट घेतात. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ मध्ये लोकांपुढे ठेवलेला, घरी सोल्डर करून बनवायचा इंजिन-संगणक.

१९९६ पासून ओबीडी-२ हे सगळ्या गाड्यांसाठीचं समान निदान-प्रमाण सक्तीचं झालं आणि चिप काढण्याचा जमाना संपला. १६ घरांच्या सॉकेटमधूनच पेटीतली फ्लॅश मेमरी पुसून लिहायची. १९९९ नंतरच्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपसाठी पीसीएम हॅमर नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर आहे. सोय वाढली आणि धोकाही वाढला: लिहिता लिहिता बॅटरी बसली तर पेटी अर्धवट पुसलेल्या अवस्थेत मरते, म्हणून चार्जर लावल्याशिवाय हे करत नाहीत. कंपन्यांनी सॉफ्टवेअरवर कुलपंही घातली. ती कुलपं मालकाने दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलांसाठी तोडली तर कॉपीराइटचा भंग नाही, अशी सूट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१५ मध्ये दिली. ७७४७ च्या मालकांना असल्या सुटीची गरज कधी पडलीच नव्हती.

तरीही त्या मालकांतले जे या नादात खोल उतरतात ते अखेर ७७४७ ला कंटाळतात, मुख्यतः त्या दीड सेकंदाला. त्यांची ठरलेली पुढची पायरी म्हणजे १९९४-९५ च्या ट्रकातली १६१९७४२७ क्रमांकाची पेटी भंगारातून आणणं. इंजेक्शन तेच टीबीआय, पण चिप ३२ किलोबाइटची, तक्ते बारीक, आणि आकड्यांची ओळ सेकंदाला ८,१९२ बिटांनी येते. सॉकेट वेगळं असल्यामुळे जुन्या हार्नेसच्या तारा एकेक करून नव्या घरांत बसवाव्या लागतात. एक शनिवार-रविवार त्यात जातो. ही पेटी इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सही चालवते, आणि जुन्या ट्रकाचा ७००आर४ गिअरबॉक्स बराचसा तेलाच्या दाबावर स्वतःच गिअर बदलतो. म्हणून पहिली चिप लिहितानाच गिअरबॉक्सचे कोड बंद करून टाकायचे. नाहीतर गाडीत नसलेल्या सोलेनॉइडांची तक्रार करत दिवा पेटलेलाच राहतो.